बाबांनी कधी गोळी खाल्ली नाही, मग जंतू एवढा निबर काहून?

दारव्ह्याकडच्या एका भावानं विचारलंय. वडील ६२ वर्षांचे, मोटारसायकलवरून पडून मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, अकरा दिवस आयसीयूत, लघवीची नळी टाकलेली, मग ताप आला. लघवीचं कल्चर (नमुन्यातला जंतू उगवून त्यावर औषधं तपासायची चाचणी) केलं तर क्लेब्सिएला न्यूमोनिई नावाचा जंतू, रिपोर्टभर आर आर आर, म्हणजे औषध चालत नाही, फक्त कोलिस्टिन आणि टायगेसायक्लिनसमोर एस, म्हणजे चालतं, खाली पेनानं लिहिलंय "एनडीएम", हे औषधं तोडणारं एक एन्झाइम, त्याचं पुढे सांगतो. डॉक्टर म्हणाले औषधांची सवय झाली आहे. भावाचं म्हणणं असं की आमच्या बाबांनी आयुष्यात डोकं दुखलं तरी गोळी खाल्ली नाही, बाम चोळून झोपायचे, मग सवय कशी झाली?

प्रश्न एकदम बरोबर आहे भाऊ. मी वीसेक वर्षं याच जंतूंच्या प्लेटा बघत बसलोय, आधी तालुक्याच्या ठिकाणी जिथे लोडशेडिंगमध्ये इन्क्युबेटर थंड पडायचा आणि सकाळी प्लेटवर काहीच उगवलेलं नसायचं, आता जिल्ह्याच्या गावी. आणि "सवय झाली" हे वाक्य जेवढा घोळ घालतं तेवढा दुसरं कुठलंच घालत नाही. बाबांच्या शरीराला काही झालेलं नाही. सवय म्हणा की ताकद म्हणा ती जंतूची आहे, आणि जंतूनं ती बाबांच्या पोटात नव्यानं शोधून काढली असंही नाही, तयार माल घेऊन आला तो.

आधी जुना रस्ता सांगतो कारण तो आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, फक्त जंतूंच्या नावानं माहीत नाही. बोंडअळी आठवा. बीटी कापूस, म्हणजे अळी मारणारं विष स्वतःच तयार करणारं वाण, आलं २००२ ला, मग २००६ ला दोन जीनवालं बोलगार्ड दोन आलं, काही वर्षं फवारणी कमी लागली, आणि २०१७ ला यवतमाळपासून सगळीकडे बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. अळीला काही कोणी शिकवलं नव्हतं. लाखो अळ्यांत काही थोड्या अशा होत्या ज्यांच्यात थोडा फरक होता, त्यांच्यावर ते विष चालत नव्हतं, बाकीच्या मेल्या, ह्या उरल्या, यांचीच पिलावळ वाढली. साध्या अळ्याही शिल्लक राहाव्यात म्हणून पाकिटासोबत बिगर बीटीची वेगळी पुडी यायची ती बांधाकडेनं लावा म्हणायचे, किती जणांनी लावली ते आपलं आपल्याला माहीत.

जंतूंचंही असंच होतं. सगळं मनासारखं असलं तर ई. कोलाय वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. एवढ्या घाईत जीनची नक्कल काढताना एखाद्या अक्षराची चूक होतेच, आणि कोट्यवधींत एखादी चूक जंतूच्या कामाची निघते. सिप्रोफ्लॉक्सासिन जिथे जाऊन चिकटतं त्या जायरेज नावाच्या एन्झाइमच्या जीनमध्ये एक अक्षर बदललं की औषधाची पकड ढिली, मग दुसऱ्या जागी अजून एक बदल, आणि गोळी बेकार. टीबीचं तर सगळं यावरच चालतं. टीबीचा जंतू कोणाकडून जीन उसना घेत नाही, त्याच्या स्वतःच्या गुणसूत्रातच बदल होतात, म्हणून जीनएक्सपर्ट मशीन रिफँपिसिनसाठी आरपीओबी नावाच्या जीनचा एक छोटासा तुकडाच तपासते. आणि म्हणूनच टीबीत गोळ्या अर्ध्यात सोडल्या की खरोखर घात होतो.

पण दवाखान्यातल्या क्लेब्सिएलाला हा बोंडअळीचा हिशोब पुरत नाही. अळी आपला गुण फक्त आपल्या पिलांना देते. क्लेब्सिएला बाजूला बसलेल्या ई. कोलायला देतो, एंटेरोबॅक्टरला देतो, जो आपल्या जातीचाही नाही त्यालाही देतो, आणि तेही जिवंतपणी, दोन जंतू एकमेकांना चिकटून. विचार करा गुलाबी अळीनं पानावर बसल्या बसल्या तो गुण मावा तुडतुड्याला देऊन टाकला असता तर? आपण कापूस लावणंच सोडलं असतं बावा.

हे ज्याच्यातून चालतं त्याला प्लास्मिड म्हणतात. जंतूच्या मुख्य गुणसूत्राच्या बाहेर फिरणारी डीएनएची छोटी गोल रिंग. हे नाव जोशुआ लेडरबर्गनं १९५२ ला दिलं. पण खरा धक्का बसला जपानात. तिथे १९५० च्या दशकात हगवणीच्या साथी चालू होत्या आणि शिगेला जंतू एकाच वेळी सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरँफेनिकॉल, टेट्रासायक्लिन अशा चार चार औषधांना दाद देईना. आता चार वेगळ्या चुका एकाच जंतूत एकाच वेळी होणं म्हणजे एकाच माणसाला चार लॉटऱ्या लागणं. मग १९५९ ला तिथल्याच संशोधकांनी दाखवलं की हा चारही औषधांना न जुमानण्याचा गुण, म्हणजे विरोध, एका गठ्ठ्यानं ई. कोलायकडून शिगेलाकडे जातो, दोघांना नुसतं एका नळीत सोबत ठेवलं तरी. तेव्हा बाहेरच्या बऱ्याच जणांना हे पटलंच नव्हतं म्हणे.

आणि गठ्ठा बांधला कोणी? इथे मला सगळ्यात जास्त मजा वाटते, म्हणजे मजा म्हणू नये पण वाटते. डीएनएचे काही तुकडे जागा बदलतात, इकडून सुटून तिकडे जाऊन बसतात, बार्बरा मॅकक्लिंटॉकनं मक्याच्या दाण्यांचे रंग बघून हे ओळखलं होतं, नोबेल मिळायला १९८३ उजाडलं. जंतूंमध्ये असे उड्या मारणारे तुकडे विरोधाचा जीन पाठीवर घेऊन गुणसूत्रावरून प्लास्मिडवर, प्लास्मिडवरून दुसऱ्या प्लास्मिडवर जातात. सीटीएक्स-एम म्हणून एन्झाइम आहे, ज्याच्यामुळे सेफ्ट्रिअॅक्झोन, सेफोटॅक्झिम निकामी होतात, रिपोर्टवर ईएसबीएल लिहितात त्यातला आपल्याकडचा सगळ्यात मोठा वाटेकरी. त्याचा जीन मुळात क्लुयव्हेरा नावाच्या एका गरीब जंतूच्या गुणसूत्रात निवांत पडून होता, ज्याचं नाव एमबीबीएसच्या पोरांनाही आठवत नाही. एका उडी मारणाऱ्या तुकड्यानं त्याला तिथून उचललं, प्लास्मिडवर बसवलं, वरून जोरदार चालू करणारं बटणही लावून दिलं. त्याचा सीटीएक्स-एम-१५ नावाचा भाऊ पहिल्यांदा भारतातल्या जंतूंतच सापडला, २००१ ला छापून आला, आज जगभर आहे.

दुसरी चीज इंटेग्रॉन. आपली शकुंतला रेल्वे धावायची तेव्हा स्टेशनात डबे जोडायचे काढायचे ना, तसं हे. एक इंजिन, मागे विरोधी जीनचे डबे एकामागोमाग जोडलेले, जो डबा इंजिनच्या जवळ तो जास्त जोरात चालतो. आणि यात बऱ्याचदा एक सल्फाविरोधी डबा आणि एक फरशी पुसायच्या जंतुनाशकाला थोडंफार तोंड देणारा अर्धवट डबा कायमचा अडकलेला असतो.

आता बाबांच्या रिपोर्टकडे या. अँपिसिलिन आर आहे ते बघून घाबरू नका, क्लेब्सिएलात तो जन्मजातच असतो, ते तर छापायचीही गरज नसते. पुढचे सेफ्ट्रिअॅक्झोन, सेफेपिम आर, ते सीटीएक्स-एमसारख्या एन्झाइममुळे, पण एनडीएम असला की तो एकटाही त्यांना पुरून उरतो. हे एन्झाइम करतात काय, तर या सगळ्या औषधांच्या मधोमध एक चौकोनी कडी असते, बीटा-लॅक्टम रिंग, ती पाण्याचा एक रेणू घालून तोडतात, औषध मेलं. सिप्रो आर, ते वर सांगितलेलं, स्वतःच्या जीनमधले बदल, वरून प्लास्मिडवरचा क्यूएनआर नावाचा मदतनीस असला तर असला. अमिकासिन आणि जेंटामायसिन दोन्ही आर, आणि तपासणी डिस्कनं, म्हणजे औषधाची चकती जंतूंच्या प्लेटवर ठेवून, केली असेल तर झोन, म्हणजे चकतीसकट जंतू न उगवलेलं वर्तुळ, ६ मिमी लिहिलेला दिसेल. ती डिस्कच ६ मिमीची असते भाऊ, म्हणजे जंतू डिस्कला टेकून वाढलाय, औषधाची सावलीही पडली नाही. असं दोन्ही सपाट आर दिसलं की माझ्या डोक्यात पहिलं नाव येतं आर्मा किंवा आरएमटी, हे जीन जंतूच्या रायबोझोमवर, म्हणजे प्रथिनं बनवायच्या यंत्रावर, एक छोटा मिथाइल गट चिकटवून ठेवतात, अमिकासिनला बसायला जागाच राहत नाही. आणि हे जीन एनडीएमसोबत एकाच प्लास्मिडवर फिरताना फार वेळा सापडतात.

काही जंतू वेगळ्या युक्त्या करतात, त्या थोडक्यात. स्यूडोमोनास आपल्या भिंतीतलं ओपीआरडी नावाचं दार बंद करून टाकतो, इमिपेनेम आत शिरतच नाही, वरून पंप लावून आत आलेलं बाहेर फेकतो. एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिनला न जुमानणारा स्टॅफिलोकोकस, पेनिसिलिनचं बसायचं ठिकाणच बदलून घेतो, मेकए जीननं, मेथिसिलिन बाजारात येऊन दोन वर्षं नाही होत तर १९६१ ला इंग्लंडमधून त्याची बातमी आली होती. एसिनेटोबॅक्टर आजूबाजूला पडलेला मेलेल्या जंतूंचा डीएनए सरळ गिळूनही घेतो. आणि पलंगाच्या कोरड्या दांड्यावर आठवडेच्या आठवडे जिवंत राहतो, त्याचा मला मनापासून राग आहे.

एनडीएम म्हणजे न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टामेज. मेटॅलो म्हणजे त्याच्या पोटात जस्ताचे अणू असतात, त्यांच्या जोरावर तो मेरोपेनेम, इमिपेनेम ही जपून ठेवलेली औषधंसुद्धा तोडतो. २००८ ला स्वीडनमध्ये एका भारतीय वंशाच्या रुग्णाच्या लघवीत सापडला, तो रुग्ण आधी दिल्लीत दवाखान्यात भरती होता, जंतू हाच, क्लेब्सिएला. नावात दिल्ली आली म्हणून आपल्याकडे २०१० ला केवढा गदारोळ झाला, बदनामी म्हणे, मेडिकल टुरिझम बुडवायचा डाव म्हणे. मला नाव आवडलं नाही ते नाहीच आवडलं, पण त्या भांडणात एक गोष्ट मागे पडली. त्या रुग्णाच्या शौचात ई. कोलायही सापडला आणि त्यातही हाच जीन, पण प्लास्मिड वेगळ्या मापाचं, क्लेब्सिएलातलं मोठं आणि याचं लहान. म्हणजे त्या माणसाच्या आतड्यातच देवाणघेवाण झाली असावी. भाऊ तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच होतं.

उरलेलं अर्धं माझ्या अनुभवातून. मी जिथे आधी होतो तिथे एका वॉर्डात दोन आठवड्यांत तीन रुग्णांच्या कल्चरमध्ये सगळं आर आलं. एकात क्लेब्सिएला, एकात ई. कोलाय, एकात सिट्रोबॅक्टर. मी तरुण होतो, जंतू तीन वेगळे म्हणून तिघांचा एकमेकांशी संबंध नाही असं लिहून मोकळा झालो. माझ्या मॅडम म्हणाल्या जीन बघ, जंतू काय बघतोस. पाठवून तपासलं तर तिन्हीत एनडीएम. मग आम्ही सगळीकडून स्वॅब घेतले, आणि हात धुवायच्या बेसिनच्या जाळीखाली तोच जीन सापडला, आणि एका सलाईनच्या बाटलीत, जिच्या बुचात सुई तशीच खुपसून ठेवलेली होती, सगळ्यांच्या आयव्ही फ्लश करायला त्यातूनच ओढायचे. साथ जंतूची नव्हतीच, साथ जीनची होती. तेव्हापासून मी जंतूचं नाव बघून निश्चिंत होत नाही.

तर बाबांचं असं झालं असणार. एक तर आतड्यात आधीच असा एखादा ई. कोलाय बसला असेल, पाण्यातून, खाण्यातून, कुठूनही, काही त्रास न देता, त्यासाठी स्वतः गोळी खावी लागत नाही. नाही तर आयसीयूत कोणाच्या तरी हातावरून, बेसिनातून, लघवीची पिशवी रिकामी करायच्या भांड्यातून क्लेब्सिएला आला. मग ऑपरेशनच्या आधी सेफ्ट्रिअॅक्झोन, नंतर ताप म्हणून पिपरॅसिलिन, मग मेरोपेनेम. प्रत्येक सुईनं पोटातले साधे जंतू मेले आणि हा मोकळ्या वावरात तणासारखा पसरला. नळीच्या आतून त्यानं बायोफिल्मचा, म्हणजे जंतूंचा चिकट, थर धरला, तिथे तर औषधही नीट पोचत नाही.

इथे एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, आणि खरं सांगू तर आमच्या बऱ्याच डॉक्टर लोकांच्याही नाही. सगळे जीन एकाच प्लास्मिडवर बांधलेले असतील तर कोणतंही एक औषध दिलं तरी सगळा गठ्ठा वाढतो. मेरोपेनेम जपून ठेवलं आणि अमिकासिन बिनधास्त मारलं, तर आर्माच्या पाठोपाठ एनडीएम फुकटात पोसला जातो. बरं औषधं बंद केली तर जंतू हे ओझं टाकून देईल म्हणाल, थोडं होतंही तसं, पण प्लास्मिडही पक्कं असतं. ते एक विष आणि त्याचा उतारा दोन्ही तयार करतं, विष टिकाऊ, उतारा लवकर संपणारा. ज्या पिल्लाच्या वाट्याला प्लास्मिड आलं नाही त्याच्यात विष उरतं आणि उतारा संपतो, मरतं ते.

म्हणून "कोर्स पूर्ण करा नाहीतर सवय होईल" हे टीबीला शंभर टक्के लागू, पण दवाखान्यातल्या या जंतूंसाठी मी ते तसंच्या तसं म्हणत नाही. इथे जेवढे दिवस जास्त सुई तेवढा गठ्ठा जास्त पोसला जातो. जेवढी गरज तेवढेच दिवस, हे जास्त खरं. पण हे वाचून कोणी आपल्या मनानं औषध बंद करू नका जी, किती दिवस ते डॉक्टरलाच ठरवू द्या. आणि हो, हे जीन काही आपण माणसांनी बनवले नाहीत. पेनिसिलिन रुग्णांना नीट द्यायला सुरुवात व्हायच्या आधीच, १९४० ला, ते तोडणारं एन्झाइम ई. कोलायमध्ये सापडलं होतं. कॅनडाच्या युकॉन भागात ३०,००० वर्षं गोठलेल्या मातीतही विरोधाचे जीन निघाले, २०११ ला छापून आलं. मातीतले बुरशी-जंतू एकमेकांशी हजारो वर्षांपासून हेच भांडण भांडत आहेत. आपण फक्त तिथली हत्यारं दवाखान्यात गोळा केली.

आता कोलिस्टिन एस. इथे जरा थांबा. हे जुनं औषध, किडनीला त्रास देतं म्हणून मागे पडलं होतं, आता नाइलाजानं परत आलंय. ते जंतूच्या बाहेरच्या आवरणाच्या ऋण भाराला चिकटतं. जंतूनं त्या आवरणावर धन भाराचा तुकडा लावला की पकड गेली. २०१५ ला चीनमधून एमसीआर-१ ची बातमी आली, म्हणजे हेही काम प्लास्मिडवरून होऊ शकतं, आणि डुकरं-कोंबड्यांच्या खाद्यातून कोलिस्टिन द्यायची पद्धत त्याला कारण धरली गेली. आपल्या सरकारनं २०१९ च्या जुलैत जनावरांसाठी कोलिस्टिन बंद केलं. पण आपल्याकडच्या क्लेब्सिएलात बहुतेक वेळा दुसरंच असतं, एमजीआरबी नावाचा इवलासा जीन, त्यात एखादा उडी मारणारा तुकडा येऊन बसतो, जीन मोडतो, आणि आवरण बदलायचा कारखाना चालू. हे उपचार चालू असतानाही होऊ शकतं.

म्हणून विचारा की कोलिस्टिन कसं तपासलं. डिस्कनं केलं असेल तर त्या एसवर विश्वास ठेवू नका, ते औषध प्लेटमधल्या आगरच्या जेलीत नीट पसरतच नाही. ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन, म्हणजे द्रवात औषधाचं प्रमाण कमी कमी करत तपासणी, करून आकडा द्यावा लागतो. आणि लॅबचे नियम ठरवणाऱ्या अमेरिकेच्या सीएलएसआय संस्थेनं तर २०२० पासून कोलिस्टिनला एस हा शब्दच काढून टाकलाय, फक्त आय (मधलं, खात्री नाही) नाही तर आर. टायगेसायक्लिन एस दिसलं तरी ते लघवीत फार कमी उतरतं, रक्तातही कमीच राहतं, त्यामुळे लघवीच्या इन्फेक्शनला त्याचा भरवसा नाही.

एक वाट अजून असते, ती डॉक्टरांशी बोला. एनडीएम बीटा-लॅक्टम रिंगवाली जवळजवळ सगळी औषधं तोडतो पण अॅझट्रिओनाम तोडत नाही. मग ते एकटं का नाही चालत, तर सोबतचा सीटीएक्स-एम ते तोडतो. म्हणून सोबत एविबॅक्टम देतात, ते सीटीएक्स-एमला अडवतं आणि अॅझट्रिओनाम आपलं काम करतं. सेफ्टाझिडिम-एविबॅक्टम आणि अॅझट्रिओनाम असं मिळून देतात. महाग आहे, खोटं नाही सांगत, आणि तालुक्याच्या मेडिकलमध्ये मिळत नाही, यवतमाळ नागपूरहून मागवावं लागेल. चालेल की नाही तेही लॅबमध्ये दोन्ही डिस्क जवळ ठेवून आधी बघता येतं, आम्ही बघतो.

पण या सगळ्याच्या आधी. नळीतून घेतलेल्या लघवीत जंतू उगवला म्हणजे ताप त्याच्यामुळेच आहे असं नसतं, नळी आठ-दहा दिवस राहिली की बऱ्याचदा जंतू बसतो. जखम बघितली का, छाती बघितली का, रक्ताचं कल्चर पाठवलं का. नमुना जुन्या नळीतून किंवा पिशवीतून घेतला असेल तर तो थरातला जंतू असू शकतो, जुनी नळी काढून नवी टाकून त्यातून नमुना घ्यायचा असतो. आणि नळीची गरजच संपली असेल तर ती काढली की कधी कधी अर्ध्याहून जास्त काम तिथेच होतं. पिशवी तुम्ही स्वतः रिकामी करत असाल तर हातमोजे घाला, नंतर साबणानं हात धुवा, पिशवी पलंगावर वर ठेवू नका, बाजूच्या रुग्णाचं भांडं वापरू नका. उद्या सकाळी राउंडला डॉक्टर आले की कोलिस्टिनचं मग विचारा, आधी नळी कोणत्या तारखेला टाकली ते विचारा.